वॉर्डातला वर्ग

दरवर्षी एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या कुणा ना कुणा मुलीची प्रश्नावली माझ्याकडे येते. विषय ठरलेला असतो: परिचर्या शाळांतल्या शिक्षिकांचं नोकरीतलं समाधान. वेतनाबाबत तुम्ही समाधानी आहात का, वरिष्ठांचं सहकार्य मिळतं का, बढतीची संधी आहे का, आणि प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन, ‘अत्यंत समाधानी’पासून ‘अत्यंत असमाधानी’पर्यंत. मी ती मनापासून भरते. या मुली नोकरी सांभाळून, कुणी लेकरू आईकडे ठेवून शिकत असतात, त्यांना ठरलेल्या मुदतीत कागद परत हवे असतात. पण भरताना प्रत्येक वेळी एक उणीव जाणवते. मला ज्यातून खरं समाधान मिळतं, त्याबद्दलचा प्रश्न त्या कागदांवर सहसा नसतो. गेल्या आठवड्यात तुम्ही विद्यार्थिनीसोबत रुग्णाच्या खाटेजवळ किती वेळ उभ्या होता, असं कुणी विचारत नाही. माझ्या नोकरीतलं समाधान मोजायचं झालं तर मी इथूनच सुरुवात करेन.

मी मूळची वॉर्डातली. जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले तेव्हा आधी मेडिसिन, मग सर्जरी, मग लेबर रूम असा फेरा झाला. पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं, काही काळ एका खासगी कॉलेजात शिकवलं आणि नंतर सरकारी जीएनएम शाळेत पाठ्यनिर्देशिका म्हणून आले. घरच्यांना हायसं वाटलं. रात्रपाळी सुटली, रविवार हाती आला, महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरी राहता येऊ लागलं. हे सुख लहान नाही. तरीही शिकवायला लागल्यावर हळूहळू मला चुकल्यासारखं वाटू लागलं. मुली पास होत होत्या, निकाल चांगला लागत होता, प्राचार्या खूश होत्या, आणि मी मात्र संध्याकाळी घरी जाताना मुद्दाम लांबच्या फाटकानं जायची, म्हणजे वाटेत वॉर्ड लागतील.

जीएनएमच्या पहिल्या वर्षातला बराच वेळ नर्सिंग फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत जातो. तिथं दोन-तीन खाटा, एक मॅनिकिन, ट्रॉली, किडनी ट्रे, एनिमा कॅन. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, ताप, नाडी आणि श्वास कसा मोजायचा, दंडावर इंजेक्शन देताना सुई नव्वद अंशांत कशी धरायची, हे सगळं तिथं बसवून घ्यायचं. ते आवश्यकच आहे. पण मॅनिकिन कण्हत नाही, लाजत नाही, त्याच्या उशाशी चिंतेनं काळवंडलेला मुलगा उभा नसतो. त्यामुळे तिथं बहुतेकींचं बरोबर येतं. मुलगी वॉर्डात खऱ्या माणसापुढे उभी राहते तेव्हा तिनं काय घेतलं आणि काय नुसतं पाठ केलं, ते उघड होतं.

ऊसतोड कामगारांच्या घरातली एक मुलगी आमच्याकडे शिकायला होती. लहानपणीचे हिवाळे आईवडिलांसोबत फडावर गेलेले, शाळा मधूनमधून. वर्गात तोंड उघडायची नाही. इंग्रजी पुस्तक समोर आलं की मान खाली. मेल मेडिकल वॉर्डात तिची पोस्टिंग लागली तेव्हा मी सोबत होते. कोपऱ्यातल्या खाटेवर लकवा मारलेले एक आजोबा होते, पायथ्याशी त्यांची म्हातारी बसलेली. अंग पुसताना या मुलीनं त्यांना कुशीवर वळवलं. माकडहाडाजवळची कातडी लाल दिसत होती. तिनं त्यावर बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘मॅडम, पांढरं होईना.’

निरोगी कातडी दाबली की क्षणभर पांढरी पडते आणि पुन्हा भरून येते. दाबूनही लाली तशीच राहिली तर समजायचं, तिथला रक्तपुरवठा अडू लागला आहे, बेडसोअरची सुरुवात आहे. या टप्प्यावर कातडी फुटलेली नसते, रक्त नसतं, वास नसतो, म्हणून ती कुणाच्या नजरेत येत नाही. आणि याच टप्प्यावर ती थांबवता येते. हे मी वर्गात सांगितलं होतं, फळ्यावर चित्र काढलं होतं. पण चित्रातली लाली ओळखणं वेगळं आणि सावळ्या, सुरकुतलेल्या पाठीवरची ओळखणं फार वेगळं. तिनं ती ओळखली. इन्चार्ज सिस्टरांना जाऊन सांगितलं, मावशींना हाताशी घेऊन आजोबांना नीट कुशीवर केलं, पाठीला उशी लावली, म्हातारीजवळ बसून म्हणाली, ‘दोन-दोन तासानं कूस बदलायची बरं का आजी. मी हाये दुपारपर्यंत, मी पन बघते.’ दुपारच्या पाळीला ओव्हर देताना तिनं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. वर्गात न फुटणारा आवाज तिथं फुटला. आजोबा घरी गेले तेव्हा त्यांच्या पाठीला जखम नव्हती.

मी त्या वेळी खाटेच्या पलीकडे उभी होते. नसते तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पहिल्या वर्षाची मुलगी, वॉर्ड भरलेला, सिस्टर एका हातानं औषधं लावतायत आणि दुसऱ्या हातानं फोन धरलाय. अशा वेळी ‘पांढरं होईना’ हे कुणाला सांगायचं? मुली सांगत नाहीत. शंका गिळतात, काम उरकतात आणि काही महिन्यांनी ती शंका येणंच बंद होतं. शिकवण्याची खरी जागा त्या शंकेच्या शेजारी आहे. तिथं शिक्षिका हजर असली तर मुलगी परिचारिका होते, नसली तर ती हाताखालची माणूस होते. इतक्या वर्षांनंतर हे मी खात्रीनं सांगू शकते.

पाठीची निगा शिकवताना मी परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दल सांगते. १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्या तिथंच अंथरुणावर होत्या, आणि त्यांची शुश्रूषा केईएमच्या परिचारिकांनी केली. त्यांच्या संदर्भातला दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. २०११ मध्ये त्याचा निकाल लागला. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोअर झाला नाही, हे रुग्णालयाच्या वतीनं न्यायालयासमोर मांडलं गेलं होतं. मुलींना मी म्हणते, याचा अर्थ काय ते डोळ्यांसमोर आणा. बॅचमागून बॅच बदलली, सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, संप झाले, पूर आले, आणि प्रत्येक पाळीत कुणीतरी त्यांना कूस बदलून दिली. हे सांगताना वर्ग गप्प होतो. कुणीतरी कुणालातरी हे शिकवलं होतं, नव्या मुलीचा हात धरून दाखवलं होतं. त्या शिकवणाऱ्या बायकांची नावं कुठं नोंदलेली नाहीत.

वॉर्डात रोज उभं राहिलं की एक प्रश्न चुकवता येत नाही. दर बॅचला कुणीतरी तो विचारतंच: ‘मॅडम, हे परीक्षेत कसं करायचं आणि वॉर्डात कसं करायचं?’ मुलीच्या मनात यात काही गैर नसतं. तिला दोन पद्धती दिसतात म्हणून ती विचारते. प्रयोगशाळेत ड्रेसिंगसाठी निर्जंतुक ट्रे मांडायचा, प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर हात धुवायचे. वॉर्डात नळाला पाणी असलं तर साबण नसतो आणि एकाच सिस्टरपुढे सगळा वॉर्ड असतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला चाळीस रुग्णांमागे एकटी मुलगी उभी असलेली मी पाहिली आहे, आणि ती एकटी मुलगी मीही होते. म्हणून वॉर्डातल्या सिस्टरांकडे बोट दाखवून ‘त्यांचं चुकतं’ असं मी विद्यार्थिनींना कधी सांगत नाही.

मग काय सांगायचं? वर्गात राहिलं तर या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. वॉर्डात मात्र काही गोष्टी करून दाखवता येतात. वेळ कमी असला तर कोणती पायरी थोडक्यात उरकली तरी चालेल आणि कोणती जीव गेला तरी सोडायची नाही, हे रुग्णापाशीच कळतं. चादरीचा कोपरा चौकोनी आला नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. औषध देण्याआधी नाव विचारलं नाही तर माणूस दगावू शकतो. नळ कोरडा असेल तर हॅन्डरबची बाटली खिशात ठेवायची. मी ती ठेवते, मुली बघतात आणि त्याही ठेवू लागतात. बुकातलं आणि वॉर्डातलं यांच्यातलं अंतर मी मिटवू शकत नाही, पण त्या अंतरात उभं कसं राहायचं ते दाखवू शकते. या कामात जेवढं शिकवल्यासारखं वाटतं तेवढं मला कुठल्याही तासाला वाटत नाही.

आणि याच कामापासून आम्हाला सतत ओढून नेलं जातं. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर आहे. पदं रिकामी असतात, भरली तरी पुष्कळदा कंत्राटी. अकरा महिन्यांच्या करारावर आलेली तरुण ट्यूटर मुलींमध्ये जीव गुंतवणार कसा, पुढच्या वर्षी आपण असू की नाही हेच तिला माहीत नसतं. राज्यातल्या सरकारी परिचारिका २०२२ आणि २०२५ मध्ये संपावर गेल्या तेव्हा कंत्राटी भरतीचाच मुद्दा पुढे होता, आणि तो आम्हा शिकवणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे. जी कायम आहे तिच्यावर हजेरीपट, क्लिनिकल रोटेशन, अंतर्गत गुण, शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृह, मेसचा हिशेब हे सगळं. वॉर्डातून ‘ऑफिसात बोलावलंय’ असा निरोप आला की मुलींना तिथंच सोडून जावं लागतं. मी वळले की त्यांच्या हातात सॅम्पलच्या बाटल्या येतात आणि दिवसभर लॅबच्या चकरा सुरू होतात.

खासगी कॉलेजात असताना याहून वाईट पाहिलं. तिथं पगार माझ्या सरकारी दवाखान्यातल्या मैत्रिणीपेक्षा कितीतरी कमी होता, तोही कधी दोन महिन्यांनी. पण जास्त टोचायची ती तपासणी. तपासणीच्या आदल्या दिवशी नव्या नेमप्लेटा लागायच्या, कधी न पाहिलेल्या शिक्षिका एका दिवसापुरत्या यायच्या, हजेरीपुस्तकं एका रात्रीत भरायची. मुलींना रुग्णालय म्हणून जे दाखवलं जायचं तिथं खाटा होत्या, रुग्ण नव्हते. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचा असाच प्रकार उच्च न्यायालयात गेला आणि तपास सीबीआयकडे द्यावा लागला, ते वाचताना मला आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र फार वाटलं. तीन वर्षं फी भरून ज्या मुलीनं एकही रुग्ण नीट हाताळला नाही, ती उद्या कुणाच्या तरी आईच्या शिरेत सुई घालणार आहे. मी ते कॉलेज सोडलं ते पगारासाठी नाही. तिथं शिकवायला वॉर्डच नव्हता.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत आम्हाला परिचर्या व्यवस्थापनात शिकवावा लागतो. त्यानं आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं की नोकरीतलं समाधान आणि असमाधान ही एकाच मोजपट्टीची दोन टोकं नाहीत. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा यांनी असमाधान वाढतं किंवा घटतं. समाधान येतं ते प्रत्यक्ष कामातून, काही साधल्याच्या जाणिवेतून. परिचारिकांशी त्याचा संबंध नव्हता, तरी मी हे शिकवते तेव्हा प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं. पगाराची थकबाकी मिळाली तेव्हा माझी चिडचिड थांबली, पण त्या दिवशी मी आनंदानं घरी गेले असं काही झालं नाही. आणि आजोबांच्या पाठीचा तो दिवस माझ्या पगाराच्या तक्रारीवर औषध ठरला, असंही नाही. शासनानं हा दुसरा अर्धा भाग नीट ऐकावा. ‘तुम्हाला सेवेत समाधान मिळतं ना, मग पैशाचं काय’ हे वाक्य आम्ही फार ऐकतो, आणि ते अन्यायाचं आहे. कामाचं समाधान हा पगाराला पर्याय होऊ शकत नाही.

वॉर्डाशिवाय हे शिक्षण काय होतं ते कोविडनं दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचं म्हणून जाहीर केलं होतं, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून. आमच्याकडे कार्यक्रमाची तयारी चालू होती आणि मार्चमध्ये वसतिगृह रिकामं करावं लागलं. मग मोबाइलवर तास सुरू झाले. रेंजसाठी एक मुलगी पाण्याच्या टाकीवर चढून बसायची, दुसरी धाकट्या भावाच्या हाताला बॅन्डेज बांधून कॅमेऱ्यासमोर धरायची. त्यांची धडपड पाहून डोळे भरून यायचे. पण नाडी मोबाइलवरून शिकवता येत नाही. बोटाखाली ती कशी लागते, ताप असला की कशी, माणूस घाबरला की कशी, रक्तस्राव होत असला की कशी, हे माझं बोट तिच्या बोटावर असल्याशिवाय कसं सांगणार? त्या मुली परत आल्या तेव्हा त्यांना व्याख्या पाठ होत्या आणि हात थरथरत होते. त्या बॅचसोबत मी दुपारनंतरही थांबायची. कुणी सांगितलं नव्हतं. मे २०२१ मध्ये केंद्रानं उत्तीर्ण झालेल्या बी.एस्सी. आणि जीएनएम परिचारिकांना ज्येष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्यूटीला घेण्याचा निर्णय केला, तेव्हा आमच्याही मुली गेल्या. रात्री-अपरात्री त्यांचे फोन यायचे, ‘मॅडम, सॅच्युरेशन पडतंय, डॉक्टरांना कळवलंय, तोवर काय करू?’ मी विचारायची, पालथं झोपवलंस का, मास्क नीट बसलाय का. त्या काळात मी थकले होते, घाबरले होते, आणि तरी आपण चुकीच्या नोकरीत आहोत असं एक क्षणही वाटलं नाही.

शिक्षण आणि वॉर्ड यांची फारकत काही पहिल्यापासूनची नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनानं बायकांना परिचारिका करायचं ठरवलं, तेव्हा त्यांना ससून रुग्णालयातच शिकायला पाठवलं. त्यांत विधवा होत्या, आणि परक्या माणसांच्या अंगाला हात लावायचा म्हणून समाजाची नजर वाकडी होती. पुढे शाळा वेगळ्या झाल्या, इमारती वेगळ्या झाल्या, शिक्षिकांचा आणि वॉर्डाच्या सिस्टरांचा संवर्ग वेगळा झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मात्र नर्सिंगच्या शिक्षकांकडे वॉर्डाचीही जबाबदारी असते. शिकवणारी आणि सेवा देणारी एकच. आपल्या जिल्हा रुग्णालयांत हे जसंच्या तसं जमेल असं मी म्हणत नाही, मनुष्यबळच नाही. पण एका वॉर्डातल्या सहा-आठ खाटा सकाळच्या पाळीत शिक्षिकेच्या आणि तिच्या विद्यार्थिनींच्या हवाली करणं अशक्य नाही. तेवढ्या रुग्णांचं सगळं त्यांनी करायचं: औषध, आंघोळ, ड्रेसिंग, नोंदी, नातेवाइकांशी बोलणं. सिस्टरांचा भार हलका होईल आणि मुलींना पूर्ण रुग्ण कळेल. सध्या त्यांना रुग्णाचा तुकडा मिळतो, एकीकडे बीपी, दुसरीकडे इंजेक्शन.

अलीकडे मुलींचं लक्ष परदेशाकडे आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. वसतिगृहात रात्री जर्मन क्रियापदांची घोकंपट्टी ऐकू येते. पुष्कळ जणी मला विचारतात, इतकं शिकवून मुली बाहेर जातात, वाईट नाही वाटत? नाही वाटत. ज्या मुलीच्या घरात पक्की भिंत नव्हती तिनं चार पैसे मिळवावेत, हे मला मनापासून हवं आहे. तिकडे गेलेल्या एकीचा फोन आला होता. म्हणाली, ‘मॅडम, इथं पेशंटला आंघोळ नर्सच घालते. नातेवाईक नसतात. बरोबरच्या काही मुलींना ते हलकं काम वाटतं. मला नाही वाटलं. तुम्ही आमच्यासोबत अंग पुसायला उभ्या राहायच्या ना.’ आपल्याकडे आंघोळ, जेवण, कूस बदलणं हे सगळं सून किंवा बायको करते आणि नर्स म्हणजे सुई आणि सलाईन एवढंच उरतं. मुलीही तेच खरं नर्सिंग समजतात. शिक्षिका स्वतः बाही वर करून पाण्यात हात घालते तेव्हाच ते काम कमीपणाचं राहत नाही. उपदेश करून हे होत नाही, मी करून पाहिलं आहे.

परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि सुईण आयोगाचा नवा कायदा आला. त्याचे नियम, निकष, नव्या संस्था यांची चर्चा आमच्या बैठकांत चालते. माझी त्यात एकच मागणी असते. शिक्षिकेचे वॉर्डातले तास तिच्या वेळापत्रकात तासिकेसारखेच धरा, त्या वेळात तिला कार्यालयात बोलावू नका, आणि तिच्या मूल्यमापनात ते मोजा. आमच्या रुग्णालयाच्या अधिसेविकांना हे पटलं आहे. फीमेल मेडिकलच्या उजव्या ओळीतल्या खाटा सकाळी आमच्याकडे द्यायला त्या तयार आहेत. प्राचार्यांचं म्हणणं आहे की मग वर्गातले तास कोण घेणार, पद रिकामं आहे. तेही खरं आहे. म्हणून आम्ही दोघी ट्यूटरांनी तास दुपारी घ्यायचे ठरवले आहेत, आणि पुढच्या रोटेशनच्या तक्त्यात पहिल्यांदाच विद्यार्थिनींच्या नावांखाली आमचीही नावं लिहिली आहेत, सकाळी आठ ते दुपारी एक.